प्रार्थना संपल्यानंतरचा दिवस : ख्रिस्ती प्रार्थना रोजच्या वागण्याला वळण कसे लावते

‘प्रार्थनासभा’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत येतो तो बहुतेक वेळा एखाद्या वादाच्या बातमीत. कुठे सभेच्या परवानगीवरून तणाव झालेला असतो, कुठे आजार बरे करण्याच्या दाव्यावरून तक्रार झालेली असते, तर कुठे धर्मांतराच्या कायद्यावर चर्चा चाललेली असते. त्या वादांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. मात्र या बातम्या वाचणाऱ्याला एक साधी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा सर्वसाधारण ख्रिस्ती माणूस सकाळी कामाला निघण्यापूर्वी जी प्रार्थना करतो, तिच्यात नेमके काय असते, आणि तिचा त्याच्या उरलेल्या दिवसाशी काय संबंध असतो?

प्रार्थना म्हणजे देवाकडे काहीतरी मागणे, आणि मागितलेले मिळाले म्हणजे प्रार्थना ऐकली गेली, अशी एक समजूत आहे, आणि ती ख्रिस्ती घरांतही आढळते. मागणे हा प्रार्थनेचा खरा भाग आहे यात शंका नाही. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ असे येशूने स्वतः सांगितले आहे. तथापि त्याने शिकवलेली प्रार्थना नीट वाचली, तर तीत जे जे देवाकडे मागितले जाते ते ते मागणाऱ्याच्याच पदरात काम होऊन पडते असे दिसते. भाकर मागणाऱ्यावर भाकर वाटून घेण्याची जबाबदारी येते, क्षमा मागणाऱ्यावर क्षमा करण्याची येते. हा दुवा ध्यानात आला की ख्रिस्ती प्रार्थनेविषयीच्या पुष्कळ शंका आपोआप मिटतात, आणि काही नव्या, अधिक अवघड शंका उभ्या राहतात. त्या दोन्हींचा विचार येथे करायचा आहे.

ठाण्याला ही प्रार्थना नवी नाही

१३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री ही त्यांची नावे. ते येथे पूर्वेकडील परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. म्हणजे त्यांच्याही आधीपासून या गावात ख्रिस्ती प्रार्थना करणारी घरे होती. पुढे थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला मराठी ख्रिस्ती उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली.

आज या पट्ट्यात जुनी ईस्ट इंडियन, म्हणजे याच भागातल्या मूळच्या कॅथलिकांची, घरे आहेत, नगर-जालन्याकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे आहेत, आणि वाशी-नेरुळ-ऐरोलीच्या वसाहतींत गोव्याहून आणि केरळहून येऊन स्थायिक झालेली माणसेही आहेत. कुणी मिस्सेला जातो, कुणी उपासनेला. कुणाचे फादर असतात, कुणाचे पाळक. इतर बाबतींत मतभेद पुष्कळ आहेत, पण एक प्रार्थना या सर्वांची समान आहे. तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि हा लेख मुख्यतः तिच्याच आधाराने पुढे जातो.

शिष्य म्हणजे नेमके कोण?

‘शिष्यत्व’ हा शब्द ख्रिस्ती बोलण्यात वारंवार येतो. येशूच्या मागे चालत त्याच्याकडून जगण्याची रीत शिकत राहणे, एवढाच त्याचा अर्थ. बाप्तिस्मा एकदाच होतो, शिकणे मरेपर्यंत चालते. आणि ते शिकणे रविवारच्या उपासनेत जेवढे होते त्याहून अधिक कारखान्यात, स्वयंपाकघरात, शेअर रिक्षात आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत होते.

येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकांना शुभवर्तमान म्हणतात; त्यांतील लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात असा प्रसंग आहे की येशू एका ठिकाणी प्रार्थना करत होता, आणि ती संपल्यावर शिष्यांपैकी एकाने त्याला म्हटले, ‘प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा.’ या शिष्यांनी त्याला आजारी माणसे बरी करताना आणि वादळ शांत करताना पाहिले होते. तरी त्या शिष्याला शिकून घ्यावीशी वाटली ती प्रार्थना. तेव्हा येशूने त्यांना म्हणण्यासाठी काही वाक्ये दिली.

पूर्वी गुरुजी पाटीवर अक्षर काढून देत आणि मूल त्याच रेघेवरून पेन्सिल फिरवत असे. ते गिरवणे ज्यांना आठवते त्यांना या वाक्यांचे प्रयोजन लगेच समजेल. गिरवताना मूल नवे काही लिहीत नसते. अक्षर गुरुजींचे असते, हात मुलाचा असतो, आणि आरंभी तो हात हमखास रेघेबाहेर जातो. पुष्कळ दिवसांनी हाताला वळण लागते, आणि मग गुरुजींनी कधीच काढून न दिलेले शब्दही ते मूल त्याच वळणाने लिहू लागते. प्रभूची प्रार्थना रोज म्हणणे हे असे गिरवणे आहे. शब्द येशूचे आहेत आणि वळण आपल्या इच्छेला लागायचे आहे. ते लागले की नाही हे प्रार्थनेच्या वेळी कळत नाही. ज्या प्रसंगासाठी कोणतेही ठरलेले वाक्य नाही अशा प्रसंगी माणूस काय करतो, त्यावरून ते कळते.

आधी ‘तुझे’, मग ‘आमचे’

मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात येते. तिचा आरंभ ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असा आहे, आणि संपूर्ण प्रार्थनेत ‘मी’ किंवा ‘माझे’ असा शब्द एकदाही नाही. विशेष म्हणजे तिच्या थोडे आधीच येशू सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. म्हणजे दार लावून एकट्याने बसायचे, आणि तरीही ‘आमच्या’ असेच म्हणायचे. जो माणूस रोज असे म्हणतो त्याला आपल्या देवाबरोबर आपोआप भावंडेही पत्करावी लागतात, आणि ती भावंडे कोण असावीत हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही.

पुढच्या तीन मागण्या देवाविषयी आहेत: त्याचे नाव पवित्र मानले जावो, त्याचे राज्य येवो, त्याच्या इच्छेप्रमाणे पृथ्वीवर होवो. ज्याला महिन्याच्या पाच तारखेला कर्जाचा हप्ता भरायचा आहे त्यालाही स्वतःच्या निकडीपर्यंत पोहोचण्याआधी या तीन वाक्यांतून जावे लागते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. चिंतेत असलेल्या माणसाच्या मनात स्वतःची अडचण एवढी मोठी झालेली असते की तिच्यापलीकडे काही दिसेनासे होते. ही तीन वाक्ये त्या अडचणीला खोटे ठरवत नाहीत, पण तिला तिच्या आकारात आणतात.

आता कामाचा भाग पाहू. सकाळी सात वाजता ‘तुझे राज्य येवो’ म्हणणाऱ्या माणसाला अकरा वाजता महापे येथील कार्यालयात वरिष्ठ सांगतात की न झालेल्या कामाचे बिल तयार करा. त्या क्षणी त्याच्यासमोर हिशेबाच्या प्रश्नाबरोबर दुसराही प्रश्न उभा असतो: सकाळी ज्या राज्याची मागणी केली त्याचा कारभार या टेबलापुरता कसा चालावा? तसेच ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणणाऱ्या बाईने घरकामाला येणाऱ्या मावशींचा आजारपणाच्या दिवसांचा पगार कापला, तर त्या मावशींच्या मनात देवाच्या नावाची किंमत किती उरेल? मागणी देवाकडे केलेली असली तरी तिच्या पूर्ततेचा एक तुकडा मागणाऱ्याच्या हातात राहतो, तो असा.

रोजची भाकर कुणाकुणाची?

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही मागणी मुद्दाम लहान ठेवलेली आहे. तीत आजपुरतेच मागितले आहे. येशूच्या यहुदी श्रोत्यांना हे ऐकताना जुन्या करारातील निर्गम या पुस्तकातली मान्नाची, म्हणजे देवाने पुरवलेल्या अन्नाची, कथा आठवली असणार. अरण्यात लोकांना रोजचे अन्न रोज गोळा करायला सांगितले होते, आणि शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवले त्यांच्या अन्नात किडे पडले. यावरून बचत करणे पाप आहे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पण साठवण्याच्या भीतीला प्रार्थनेत जागा दिलेली नाही, हे मात्र खरे.

त्यातही ‘आम्हांला’ हा शब्द अधिक विचार करायला लावतो. ठाण्यातल्या स्वयंपाकघरात पोहोचणारी भाजी पुष्कळदा तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातून आलेली असते. शेतकऱ्याने ती पिकवलेली असते, चालकाने रात्रभर ट्रक चालवलेला असतो, माथाडी कामगाराने पहाटेपूर्वी पोती पाठीवर घेतलेली असतात, आणि सकाळी एखादी बाई ती पाटी घेऊन स्थानकाबाहेर बसलेली असते. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे मोठी चळवळ होती आणि त्यामुळे त्या कामगारांच्या मजुरीला काही संरक्षण मिळाले. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला मात्र पाऊस लागला की त्या दिवसाची कमाई नाही. ‘आमची भाकर’ म्हणणाऱ्याने या सगळ्यांच्या वतीने मागितलेले असते. मग त्या पाटीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना, किंवा जेवण घेऊन पाचव्या मजल्यावर आलेल्या मुलाला उशिराबद्दल झापताना, सकाळचे वाक्य आड यावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

ही मागणी संस्थारूपानेही काम करते. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह पॅरिसमध्ये सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट दे पॉल सोसायटी आज अनेक देशांतील कॅथलिक धर्मग्रामांत काम करते. तिचे सदस्य गरजू कुटुंबांना घरी जाऊन भेटतात. धान्य एखाद्या केंद्रावर वाटून टाकणे सोपे असताना घरी जाण्याचा आग्रह कशासाठी? कारण भाकर ‘आमची’ असेल तर ती देणाऱ्याला घेणाऱ्याच्या उंबऱ्याशी जावे लागते, त्याचे नाव, त्याची मुले, त्याचा खोकला माहीत असावा लागतो.

ऋण सोडण्याची अट

‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ संपूर्ण प्रार्थनेत अट घातलेली ही एकच मागणी आहे, आणि प्रार्थना संपल्यावर येशू पुन्हा जिच्याकडे वळतो तीही हीच: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिता तुम्हांलाही करणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. हे वाक्य सौम्य करण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो योग्य वाटत नाही.

याच विषयावर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. राजा एका चाकराचे दहा हजार टॅलेंटांचे कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर पडताच आपल्याला शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक टॅलेंट सुमारे सहा हजार दिनारांचा, म्हणजे एकाच टॅलेंटसाठी जवळजवळ वीस वर्षे राबावे लागेल. दहा हजार टॅलेंट कोणत्याही जन्मात फिटणारे नाहीत. शंभर दिनार ही मात्र तीन-चार महिन्यांची खरीखुरी रक्कम आहे. दाखला असे म्हणत नाही की सोबत्याचे देणे क्षुल्लक होते. आपल्याला झालेली इजा खरी असते, तिची रक्कमही मोठी असते. तरी आपल्याला जे माफ झाले त्याच्या शेजारी ती ठेवून पाहा, एवढेच तो सांगतो.

ठाण्यात हे कुठे लागू पडते हे सांगायला फार शोधावे लागत नाही. जुन्या घराचा किंवा चाळीचा पुनर्विकास निघाला की सख्ख्या भावंडांत क्षेत्रफळावरून बोलणे बंद होते, आणि ती भावंडे त्याच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसून तीच प्रार्थना म्हणत राहतात. अशांसाठी डोंगरावरील प्रवचनात आणखी एक सूचना आहे: वेदीजवळ अर्पण आणले असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. उपासना मधेच थांबवण्याची परवानगी, किंबहुना आज्ञा, येथे दिलेली आहे. किती मंडळ्यांत ती कधी वापरली जाते, असा प्रश्न विचारायला हवा.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. क्षमेच्या नावाखाली मार खाणाऱ्या बायकोला गप्प बसवले जाते, फसवलेल्या माणसाला तक्रार मागे घ्यायला लावले जाते. हे येशूच्या शिकवणुकीत बसत नाही. सूड मनातून काढून टाकणे ही क्षमा आहे. इजा झालीच नाही असे म्हणणे ही क्षमा नाही, आणि इजा करणाऱ्याला पुन्हा तीच संधी देणे हीही नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला क्षमा करण्याच्या वाटेवर असलेली स्त्री पोलिसांत तक्रार नोंदवू शकते, वेगळी राहू शकते, न्यायालयात जाऊ शकते. त्याच अठराव्या अध्यायात, या दाखल्याच्या आधी, अपराध्याला समोर बसवून, साक्षीदार घेऊन जाब विचारण्याची पद्धतही सांगितलेली आहे, ती बहुधा सोयीस्करपणे विसरली जाते.

रोज तेच शब्द म्हणून काय साधते?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांमध्येही वादाचा आहे. कॅथलिक घरांत जपमाळेच्या प्रार्थना ठरलेल्या असतात. अनेक प्रोटेस्टंट घरांत स्वतःच्या शब्दांत, त्या त्या वेळी सुचेल तशी प्रार्थना करण्याकडे कल असतो, आणि ठरलेल्या शब्दांकडे थोड्या संशयाने पाहिले जाते. संशयाला आधारही आहे, कारण येशूने निरर्थक बडबड करू नका असे बजावले आहे. पण त्याचे कारणही त्याने तेथेच दिले आहे: फार बोलल्याने आपले ऐकले जाईल असे परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, वाटते, तुम्ही तसे समजू नका. त्याचा रोख शब्दांच्या जोरावर देवाला भाग पाडण्याच्या कल्पनेवर आहे. पुनरावृत्तीवर असता तर अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः केलेल्या प्रार्थनेचे काय करायचे? तेथे त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली असे मत्तय लिहितो.

हरिपाठ रोज म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. सुचेल तशी प्रार्थना मनात जे आहे ते देवासमोर मांडते. ठरलेली प्रार्थना मनात जे नाही, पण असायला हवे, ते तोंडात घालते. ज्या दिवशी भावाचा राग आलेला आहे त्या दिवशी ‘ऋण सोडले आहे’ हे वाक्य कुणालाही आपणहून सुचणार नाही. तोंडाने म्हणताना लक्ष भलतीकडे जाते ही अडचण खरी आहे. त्यावर जुना आणि चांगला उपाय असा की रोज एकाच मागणीपाशी थांबावे, आणि ती आज आपल्याला कुणाचे नाव आठवून देते ते पाहावे.

वेळ कुठून आणायचा?

घोडबंदर रस्त्यावर राहून वाशीला नोकरी करणाऱ्याला ही शंका आधी येईल, आणि ती योग्य आहे. ख्रिस्ती परंपरेने या बाबतीत माणसाच्या दिवसाचा विचार केलेला आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असे सांगितले आहे. कॅथलिक चर्चमध्ये सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी होणारी घंटाही अशाच थांबण्यासाठी आहे. पॅरिसमधील कार्मेलाइट मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधू स्वयंपाकघरात काम करत असे; भांड्यांच्या गडबडीतही देवाच्या सान्निध्यात राहता येते असे तो सांगे, आणि त्यासाठी त्याने कामाची वेळ कमी करून मागितली नव्हती.

ट्रान्स हार्बर मार्गावरून रोज जाणाऱ्यांना मला विशेष उपयोगी वाटते ती इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात घालून दिलेली दिवसाच्या तपासणीची रीत. संध्याकाळी गाडी वाशीहून सुटली की ठाणे येईपर्यंत ती आरामात पूर्ण होते. आधी दिवसात जे चांगले मिळाले त्याबद्दल आभार मानायचे. मग स्वतःकडे खरेपणाने पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा. नंतर सकाळपासूनचे प्रसंग एकामागून एक डोळ्यांसमोर आणायचे: कुणाशी कसे बोललो, कुठे खोटे बोललो, कुणाला टाळले. जे चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्याचा एखादा नेमका प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून त्यासाठी मदत मागायची. ‘उद्या चांगले वागेन’ असा मोघम संकल्प येथे चालत नाही. ‘उद्या बैठकीत अमुक सहकाऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ देईन’ असा लागतो. या रीतीला ना वेगळी खोली लागते, ना डोळे मिटावे लागतात. उभ्याने प्रवास करतानाही ती करता येते.

प्रार्थना करणारेही वाईट का वागतात?

वागतात, आणि हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतातील अनेक मंडळ्यांत जातीचे भेद टिकून राहिले, काही ठिकाणी दफनभूमीतही. आणि ‘आमच्या पित्या’ म्हणणाऱ्या तोंडांनीच ते टिकवले. चर्चच्या मालमत्तेवरून खटले चालतात. घरात जपमाळ होते आणि सून रडते.

पवित्र शास्त्र या आक्षेपाच्या बाजूने उभे राहते, ही गोष्ट मला दिलासा देण्याऐवजी अस्वस्थ करते. यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की तुम्ही कितीही विनंत्या केल्या तरी मी ऐकणार नाही, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना बजावले आहे की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना व्यत्यय येणार नाही. आणि लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून आपण इतरांसारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो, तेव्हा त्याची प्रार्थना फक्त त्याच्या स्वतःविषयीची माहिती ठरते. छाती बडवून दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. यावरून एवढे नक्की होते की प्रार्थनेचा परिणाम आपोआप होत नाही. मागणी उलटून आपल्याकडे येते तेव्हा तिला दार उघडावे लागते, आणि ते बंद ठेवण्याची मुभा प्रत्येकाला असते.

नुसती प्रार्थना करून काय होणार?

काहीच नाही, असे नव्या करारातील याकोबाचे पत्र जवळजवळ याच शब्दांत सांगते: उघड्या आणि उपाशी भावाला तुम्ही ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे म्हटले आणि शरीराला लागणारे काही दिले नाही, तर त्याचा काय उपयोग? महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उत्तर पंडिता रमाबाईंच्या जगण्यात आहे. १८९६ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली गेली, आणि त्याच आवारात पहाटेच्या प्रार्थनाही होत होत्या. रमाबाईंच्या बाबतीत प्रार्थना कुठे संपली आणि काम कुठे सुरू झाले अशी रेघ मारता येत नाही.

मागितलेले मिळाले नाही तर?

येथे सोपे उत्तर देणे हा दुःखी माणसावर अन्याय आहे. येशूने गेथशेमानेत ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असे मागितले आणि तो टळला नाही. प्रेषित पौलाने ज्याला ‘शरीरातील काटा’ म्हटले तो त्रास दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर त्याला मिळाले. बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी पुष्कळशी तक्रारीची आहेत, आणि ‘कोठवर, प्रभो?’ हा प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा येतो. ख्रिस्ती शिष्याला रडण्याची, भांडण्याची, देवाला जाब विचारण्याची भाषा प्रार्थनेतच दिलेली आहे. ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून मूल दगावले’ असे सांगणारा माणूस ही भाषा हिरावून घेतो, आणि तो क्रूर आहे.

आजाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. याकोबाचे पत्र आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करायला सांगते. औषध थांबवायला सांगत नाही. लूकचा उल्लेख नव्या करारात ‘प्रिय वैद्य’ असा येतो. म्हणून जो कुणी मंचावरून गोळ्या टाकून द्यायला सांगतो, त्याच्याविरुद्ध सर्वांत आधी ख्रिस्ती लोकांनीच बोलले पाहिजे.

शेजारीण ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते’ म्हणाली तर

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला मध्यस्थी म्हणतात. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाचा या सगळ्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा येथेच. घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरलेली असते आणि समोरच्या दारातील काकू हे वाक्य म्हणतात. ते नको असेल तर तसे सांगावे, आणि काकूंनी ते मनाला लावून न घेता मान्य करावे. मध्यस्थी हे कुणाला आपल्या धर्मात ओढण्याचे आमिष होऊ शकत नाही, आणि तिच्या बदल्यात काही अपेक्षा ठेवणे हा तिचा अपमान आहे.

हवे असेल तर मात्र मोघम ‘हो, करा’ म्हणण्याऐवजी नेमके सांगावे: शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी आहे, रात्री रुग्णालयात थांबायला कुणी नाही, वडिलांना भुलीची भीती वाटते, धाकटीची त्याच दिवशी परीक्षा आहे. नेमके ऐकलेल्या माणसाची प्रार्थनाही नेमकी होते, आणि नेमकी मागणी लवकर उलटून येते. त्या काकूंनी ‘धाकटीला सांभाळ’ असे देवाला म्हटल्यावर तिला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला कोण जाणार हा प्रश्न त्यांच्याच घरात निर्माण होतो, आणि पुष्कळदा सकाळी सहा वाजता त्या डबा घेऊन दारात उभ्या असतात. तसे झाले नाही, तर काही दिवसांनी ‘काकू, त्या दिवशी तुम्ही प्रार्थना करणार होतात ना?’ असे विचारायला शेजाऱ्यांनी बिचकू नये. त्यांना ते लागेल, आणि त्यांच्या प्रार्थनेला ते उपकारकच ठरेल.